तीर्थाबरोबर गिळलेली कॅप्सूल

शरीर हे देवाचं मंदिर आहे, असं थोर माणसं सांगत आली आहेत. फोंडाघाट उतरणाऱ्या एसटीत माझ्या मंदिरातला नैवेद्य पुन्हापुन्हा वर यायला लागला, तेव्हा ही थोर माणसं घाट पायी उतरली असावीत अशी शंका आली.

खाली बाजारात चहा घेतला, कुडाळला गाडी बदलली आणि वालावलच्या अलीकडच्या एका गावात दत्ताराम गुरवाकडे पोचलो. दत्ताराम माझा कॉलेजातला मित्र. काजू मोहरले होते. देवळातली पूजा गुरवांच्या घरांत पाळीने फिरते, आणि यंदाच्या जत्रेची पाळी त्याची होती. अडचण एकच, त्याच्या कमरेवर नायटा पसरला होता. संध्याकाळी देवस्थान समितीचे अध्यक्ष तात्या मला भेटायला आले. 'पाणी द्या' एवढंसुद्धा ते शिलालेख वाचल्यासारखं म्हणतात.

"देवाक हात लावतलो माणूस निर्मळ व्हयो (हवा)," ते म्हणाले. "जत्रेपर्यंत नायटो गेलो नाय, तर पाळी चुलत भावाक."

 बापाच्या मागून दत्तारामच्या वाट्याला आलेली ही पहिलीच जत्रा.

रात्री माझ्या ताटात बांगड्याचं तिखलं (झणझणीत कालवण) आणि सोलकढी. त्याच्या ताटात पेज (पातळ मऊ भात).

"आंबट, तेलकट, मासे, सगळा बंद," तो म्हणाला. "तात्यांनी पथ्य सांगल्यानी."

"बांगडो बघूची परवानगी आसा हो त्यांका," त्याची बायको, सुनंदावहिनी, म्हणाल्या. "वास घेवची पण. खावची तेवढी नाय."

सकाळी त्याच्याबरोबर देवळात गेलो. विहिरीवर अंघोळ करून त्याने ओलाच पंचा नेसला, कारण ओलं म्हणजे सोवळं. मग रिकाम्या पोटी, तात्यांच्याच आज्ञेने, नायट्याच्या बुरशीवर कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल तीर्थाबरोबर गिळली. पूजा दुपारपर्यंत चालली. उपाशीपोटी पित्त खवळलं, तेव्हा त्याने पित्ताचं गुलाबी औषध प्यायलं. तोपर्यंत पंचा अंगावरच वाळला होता. बुरशीची इतकी मनोभावे सेवा मी कुठल्याही देवळात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुडाळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"औषध कसं घेता?" त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं. दत्तारामने अभिमानाने सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला आणि मराठीही बदलली.

"अरे दत्ताराम, मी तुका जेवल्यावर घे म्हणान सांगितलंय मां? ह्या कॅप्सुलीतले दाणे विरघळूक पोटात जेवण लागता, आंबट रस लागता. तू पोट रिकामा ठेवतस आणि वर तो रस मारूचा औषध पितस!"

"मग गोळी जाता खंय?"

"खंय जातली? परसाकडे. दर्शन न घेताच परत."

मग त्यांनी नीट समजावलं. जेवणाबरोबर विरघळलेलं औषध आतड्यातून रक्तात जातं, रक्तातून यकृतात. यकृत त्याचा बराचसा भाग मोडून टाकतं. पण त्याआधी थोडं औषध त्वचेला जाऊन चिकटतं, आणि गोळ्या थांबल्यावर, रक्तात काही उरलं नाही तरी, कातडीत काही आठवडे मुक्काम करतं.

"म्हणजे जत्रेपर्यंत रवतला (राहील)?"

"रवतला. पण आधी आत जावक व्हया! आणि तो ओलो पंचो बंद."

ओल्या पंच्यावर समितीची बैठक बसली. "सुक्या पंच्यान पूजा? आमच्या वाडवडलांनी खंय केली नाय," तात्या कडाडले. बरीच शास्त्रं उद्धृत झाली, त्यांतलं एकही कोणी वाचलेलं नव्हतं. शेवटी एकमताने ठरलं ते असं: पंचा विधिवत भिजवावा, उन्हात पूर्ण वाळवावा, आणि मग ओला समजून नेसावा.

त्या रात्री दत्तारामने बांगडा खाल्ला, सोलकढी प्याली आणि वर कॅप्सूल घेतली. वहिनी हाताच्या अंतरावर उभ्या राहून बघत होत्या. पित्ताची बाटली त्यांनी आधीच फेकून दिली होती.

मी घाट चढून घरी परतलो. वाटेत वाटलं, आपल्याकडे औषधाला रोगाशी झगडण्याआधी माणसाच्या श्रद्धेशी झगडावं लागतं, आणि तिथेच ते थकतं.

काजू पिकले तेव्हा दत्तारामचा फोन आला. नायटा गेला होता, पाळी त्याचीच राहिली, जत्रा पार पडली. तात्यांनी माईकवरून जाहीर केलं, की देवाने आपल्या सेवकाची पीडा स्वतःत विलीन करून घेतली.

औषध यकृतात मोडलं गेलं. त्याचे अवशेष बरेचसे शौचावाटे आणि उरलेले लघवीवाटे बाहेर पडले.