ब्रेकमावशींची अर्धी गोळी

गाडी शिकवणाऱ्याचा सगळा जीव पायात असतो. शिकाऊ माणूस स्टिअरिंगमागे बसतो आणि शेजारच्या सीटसमोर शिकवणाऱ्यासाठी एक जादा ब्रेक बसवलेला असतो. त्यावर पाय ठेवायचा, पण शक्यतो दाबायचा नाही. ही नोकरी मावशींनी उभं आयुष्य केली होती. किती घाबरट सुना, किती उतावळे जावई आणि किती निवृत्त मास्तर त्यांच्या शेजारी बसून शिकले याची गणती नव्हती. सगळे त्यांना ब्रेकमावशी म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यांना त्यात मानच वाटे.

अशा ब्रेकमावशींचा पाय एका सकाळी उशिरा पोचला.

झालं एवढंच, की एक शिकाऊ गृहस्थ गाडी मागे घेत होते. मावशींना आरशात कचऱ्याचा डबा दिसला. तो डबा आहे हे कळलं, ब्रेक दाबायला हवा हेही कळलं, आणि तोवर डबा आडवा झाला होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गृहस्थांनी गडबडीत खाली उतरून डब्याचीच माफी मागितली. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. डोळ्यांनी पाहिलेलं पायापर्यंत पोचायला एवढा वेळ लागतो, हे त्यांना नवीन होतं.

तसं बरेच दिवस काहीतरी बिनसलं होतं. भर उन्हात त्यांना स्वेटर लागे. केस कंगव्यात येत. आवाज घोगरा झाला होता. जेवण पूर्वीइतकंच, तरी सीटचा पट्टा तोकडा वाटू लागला होता. दुपारी खुर्चीत टेकल्या की डोळा लागे.

"वय झालं, दुसरं काय," त्या म्हणत.

"वय माझंही झालंय," त्यांचे यजमान म्हणत. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले कारकून. "पण मी कुठे कपाट उघडून, कशाला उघडलं ते विसरतो?"

"तुम्ही कपाट उघडताच कुठे," मावशी म्हणत. विषय तिथेच संपे.

डबा पडल्यावर मात्र विषय संपला नाही. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक एके काळी मावशींच्याच हाताखाली शिकलेला. त्याने त्यांना ऑफिसात बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मावशी, शंका आली की आधी गाडी उभी करायची, हे मला तुम्हीच शिकवलंत."

"मग?"

"मग आता मी तुम्हाला उभं करतोय. डॉक्टर लिहून देईपर्यंत रस्त्यावर नाही. मागच्या मैदानात शिकवा हळूहळू. नाहीतर इथे बसा, फॉर्म वाटा."

"फॉर्म वाटण्यापेक्षा मी डिकीत बसेन," मावशी म्हणाल्या. पण दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेल्या.

दवाखान्यातली डॉक्टर नवीनच आलेली, वयाने मावशींच्या भाचीएवढी. तिने नाडी पाहिली, गळ्यावरून बोटं फिरवली, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाली, "गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉइड. तुमची सुस्तावली आहे. ती जे कमी बनवते ते गोळीतून द्यायचं. किती द्यायचं ते मात्र शोधावं लागतं. प्रत्येकाचं माप वेगळं."

"आणि मला रस्त्यावर जायचं पत्र?"

"रिपोर्ट जागेवर आला की लगेच. गोळी सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा तासाभराने. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू." मग पेन खाली ठेवून तिने विचारलं, "तुम्ही गाडी शिकवता ना? मला शिकवाल?"

"घरात कुणाला येत नाही का?"

"दादाला येते. त्याने दोन दिवस शिकवलं. आता तो माझ्या शेजारी जेवायलासुद्धा बसत नाही."

मावशींना ती पोरगी आवडली. ठरलं असं, की दवाखान्यात त्या तिला 'डॉक्टरबाई' आणि 'तुम्ही' म्हणतील, आणि गाडीत ती मुकाट्याने 'अगं' ऐकून घेईल. पत्र तिच्या हातात होतं, आणि तिला मैदानातून रस्त्यावर केव्हा न्यायचं हे मावशींच्या हातात. दोघी एकमेकींच्या परवानगीची वाट बघत बसल्या.

मैदानाचं रडगाणं रोजचं झालं. डॉक्टर हुशार होती, गिअर लगेच शिकली, पण गाडी तिला सरळ नेता येईना. मावशींनी मांडलेल्या नारिंगी शंकूंच्या दोन रांगांमधून ती अशी जाई, की मागे पाहावं तर निम्मे शंकू आडवे.

दवाखान्यात दुसरंच कोडं चाललं होतं. पहिल्या तपासणीला गोळी कमी पडली असं दिसलं, म्हणून डॉक्टरने ती वाढवली. पुढच्या वेळी जास्त झाली असं दिसलं, म्हणून कमी केली. त्यानंतर ती पुन्हा कमी पडली.

"गोळी रोज घेता ना?" डॉक्टरने विचारलं.

"एक दिवस चुकवली नाही."

"चहाबरोबर?"

"छे. चहाची तर तासभर नुसती वाट बघते."

"मग मला कळत नाही. तुमचे रिपोर्ट माझ्या गाडीसारखे चाललेत," डॉक्टर म्हणाली.

मावशी हसल्या खऱ्या, पण घरी जाताना मैदानाच्या कुंपणाशी घटकाभर उभ्या राहिल्या. पलीकडे रस्त्यावरून स्कूलच्या दोन गाड्या गेल्या. एकीत त्यांच्या जागी मालकाचा मेव्हणा बसला होता, आणि त्याचा पाय ब्रेकवर नव्हता हे मावशींना इतक्या लांबूनही कळलं.

पुढच्या शिकवणीला आभाळ भरून आलं होतं आणि डॉक्टरचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"पुन्हा वळवलंस."

"गाडी डावीकडे जात होती, मावशी."

"जराशी जात होती. तू तिला पार उजव्या कुंपणाला भेटवून आणलंस. आता परत डावीकडे. बघ, गेला शंकू."

"ती ऐकतच नाही, तर मी काय करू?"

"ऐकते गं. तू तिला उत्तर द्यायला वेळ देत नाहीस. चाक बोटभर फिरव आणि थांब. ती काय करते ते बघ. मग वाटलं तर आणखी बोटभर. हो आणि नाही एका दमात सांगितलंस तर बिचारी कुणाचं ऐकणार?"

डॉक्टरने गाडी थांबवली, तळहात ओढणीला पुसले आणि म्हणाली, "तोंड कोरडं पडलंय. पेपरमिंट आहे का?"

मावशींनी बाहेर पडलेल्या शंकूंकडे बघत पर्समधून पत्र्याची डबी काढली आणि तिच्या हातात दिली. पेपरमिंटची डबी दुसऱ्या कप्प्यात होती, हे त्यांना डबीचं झाकण वाजल्यावर आठवलं.

डॉक्टरने आत पाहिलं. बारीक पांढरे तुकडे होते.

"हे पेपरमिंट नाही," मावशी म्हणाल्या.

"ते कळलं. ही मी दिलेली गोळी आहे. मोडलेली." डॉक्टरने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "आता ही गाडी नाही, दवाखाना आहे. सांगा."

"बरं, डॉक्टरबाई," मावशी म्हणाल्या आणि सावरून बसल्या. "तसं काही नाही. अंग जड वाटलं की मी सकाळच्या गोळीवर अर्धी जास्त घेते. छातीत धडधडलं की दुसऱ्या दिवशी अर्धीच. म्हणजे कधी जरा अ‍ॅक्सिलरेटर, कधी जरा ब्रेक."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. रस्ता बघूनच चालवायची ना गाडी."

डॉक्टरने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला. ऑफिसच्या दारात मालक येऊन डोकावून गेला.

"मला का नाही सांगितलंत?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी तुमचा वेळ कशाला घ्यायचा? आणि खरं सांगू का, मला रस्त्यावर जायची घाई होती. या मैदानात गोल फिरून फिरून मी घाण्याचा बैल झालेय. म्हटलं, आपणच जरा हातभार लावावा."

"तुमच्या हातभारानेच उशीर झाला." डॉक्टर हसत होती, पण डोळे गंभीर होते. "मावशी, आज घेतलेल्या गोळीचा गुण आज दिसत नाही. ती हळूहळू अंगात मुरते. तिचं खरं उत्तर यायला सहा आठवडे जातात. सोमवारी अंग जड वाटलं, तर तो सोमवारच्या गोळीचा दोष नसतो. झोप झाली नसेल, उन्हात उभ्या राहिल्या असाल. आणि मी डोस वाढवते तेव्हा तुम्ही तो आधीच वाढवलेला. मी कमी करते, तोवर तुम्हीही कमी केलेला. एकाच गाडीचं स्टिअरिंग दोघी ओढतोय."

मावशींनी समोर पाहिलं. काचेपलीकडे शंकू आडवेतिडवे पडले होते.

"बोटभर फिरवायचं आणि थांबायचं," शेवटी त्या म्हणाल्या.

"हे मी नाही हं सांगितलं."

"नाही. मीच. सगळ्या जगाला सांगत आले आणि माझ्याच शिकवणीत नापास झाले."

"धडधड झाली, घाम आला, झोप उडाली, तर मला फोन करायचा. अंगावर काढायचं नाही आणि गोळी मोडायची नाही. कबूल?"

"कबूल. आता पुन्हा गाडी का?"

"पुन्हा गाडी."

"मग उतर, आणि ते शंकू उभे कर."

त्या दिवसापासून गोळीचा कारभार यजमानांकडे गेला. रोज सकाळी ते पेलाभर पाणी आणि एक अख्खी गोळी घेऊन हजर होत, ती गिळून होईपर्यंत उभे राहत, आणि रजिस्टर पत्र दिल्यासारखं विचारत, "पोच मिळाली. सही घेऊ?"

"कपाट कसं उघडतात ते शिकलात म्हणजे," मावशी म्हणत.

वाट बघणं सोपं नव्हतं. एखाद्या दुपारी अंगात शिसं ओतल्यासारखं वाटे आणि हात सवयीने डबीकडे जाई. डबीत आता खरंच पेपरमिंट होती. मावशी ती चघळत आणि चडफडत. रिपोर्ट आला तेव्हा त्या स्वतःच्या परीक्षेला गेल्यासारख्या बसल्या होत्या.

"सुधारणा आहे. चांगली आहे," डॉक्टर म्हणाली. "पण अजून जागेवर नाही."

मावशींचा चेहरा उतरला. "इतकी शहाण्यासारखी वागले, तरी?"

"शहाण्यासारख्या वागलात म्हणूनच आता मला रस्ता दिसतोय. बोटभर बाकी आहे." तिने डोस एकच लहान पायरी वाढवला. "आता पुन्हा थांबायचं."

या वेळचं थांबणं हलकं गेलं. स्वेटर खुंटीवर तसाच लटकलेला आहे हे एका संध्याकाळी यजमानांच्याच लक्षात आलं. सीटचा पट्टा आपोआप ढिला झाला. आणि एका सकाळी, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक शिकाऊ आजोबा कुंपणाकडे निघालेले पाहून मावशींनी जागेवरूनच "ब्रेक" म्हणून अशी हाक दिली, की आजोबा थांबले, शेजारची गाडी थांबली, आणि मालक चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"आवाज आला वाटतं परत," तो म्हणाला.

"आता पत्र येऊ दे," मावशी म्हणाल्या.

रिपोर्ट जागेवर आला. डॉक्टरने पत्र लिहिलं, सही केली, पण स्वतःच्याच हातात ठेवलं. "गोळी चालू राहणार. रोज तेवढीच. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, आणि अधूनमधून रक्त दाखवायला यायचं."

"येईन हो, डॉक्टरबाई. आता द्या ते. आणि उद्या सकाळी लवकर ये. रस्त्यावर नेते तुला." डॉक्टरबाई आणि 'तू' एका श्वासात आले, ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

सकाळचा रस्ता स्वच्छ होता. मावशी त्यांच्या जागेवर बसल्या, पाय ब्रेकवर ठेवला, दाबला नाही. डॉक्टर चाक बोटभर फिरवी, थांबे, बघे. पोस्ट ऑफिस गेलं, शाळा गेली, गाडी दोरीने आखल्यासारखी सरळ चालली होती. तेवढ्यात एका फाटकातून पावाची व्हॅन न बघता मागे आली.

गाडी जागच्या जागी थांबली. व्हॅन आणि त्यांच्यात चांगलं खाटभर अंतर होतं. व्हॅनवाल्याने कान पकडले आणि निघून गेला.

"मी थांबवली," डॉक्टर धापा टाकत म्हणाली.

मावशींनी आपल्या पायाकडे पाहिलं. तो ब्रेकवर पक्का दाबलेला होता. समोर व्हॅन दिसायला आणि पाय दाबला जायला मध्ये काही वेळ गेलाच नव्हता.

"मीही थांबवली," त्या म्हणाल्या.

"आधी कुणी?"

"ते ब्रेकला विचार."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. डॉक्टरने हात पुढे केला. "पेपरमिंट द्या आधी."

मावशींनी डबी दिली. डॉक्टरने झाकण उघडून आधी आत नीट निरखून पाहिलं.

"पेपरमिंटच आहे गं," मावशी म्हणाल्या. "चल, पहिला गिअर टाक."