सुशीलाताईंचा प्रश्न

कोरोनाच्या काळात आमच्या इतवाऱ्यातल्या गल्लीत आशा कार्यकर्त्या सुशीलाताई रोज सकाळी यायच्या. ताप आहे का, हे मात्र त्यांनी कुणाला कधी विचारलं नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणायच्या, "काय शिजवलं आज? मीठ बरोबर पडलं का?" कुणी म्हणालं, "काय की ताई, दोन दिवस झाले, चवच कळत नाही," की त्याला बोलण्यात गुंतवून त्या तपासणीला घेऊन जायच्या.

ताप कबूल कोण करणार? गल्लीतली निम्मी माणसं पॉवरलूमवर कामाला. आजारी पडलं की दाराला विलगीकरणाचा कागद चिकटायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या लूमवर दुसरा माणूस उभा राहायचा. म्हणून लोक दुखणं अंगावर काढून पाळीवर जात होते.

मला ताईंचा हेवा वाटायचा. सरळच सांगते. मी आमच्या कामगार संघटनेची पत्रकं वाटत होते. आजाऱ्याला पगारी रजा द्या, गरिबाला बेड द्या. मजकूर माझा, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं. पण लोक कागद घ्यायचे आणि दार लावायचे. ताई आल्या की तीच दारं सताड उघडी. माझ्या आईनं माझं एक पत्रक कधी पुरतं वाचलं नाही, पण ताईंना ती आपल्या गुडघ्यांपासून माझ्या लग्नापर्यंत सगळं सांगायची.

एकदा ताईंनी माझं पत्रक गल्लीत उभ्यानंच वाचलं. 'आजाऱ्याने वेगळ्या खोलीत राहावे.' त्या हसत सुटल्या. "अगं बेटा, अलग खोली? या भगवानच्या घरात अलग चादर पण नाही! पहिले खोल्या वाट, मग कागद वाट."

समोरचा भगवान सगळ्यांत मोठ्यानं हसला. एका खोलीत सात माणसं, झोपायचीसुद्धा पाळीपाळीनं. त्याचं हसू मला फार लागलं.

पुढच्या पत्रकात मी ताईंची युक्तीच छापली. चव जाणं हे कोरोनाचं लक्षण आहे, मिठाबद्दल विचारलं तर खरं सांगा. ताईंचं नाव कुठेच घातलं नाही. हे पत्रक मात्र लोकांनी वाचलं. दोन दिवसांत घराघरांतून एकच उत्तर यायला लागलं, "मीठ एकदम बराबर, ताई!" भगवाननंही तेच सांगितलं आणि पाळीवर गेला.

पाचव्या दिवशी त्याला धाप लागली. ताईंनी केळीवाल्याची लोडिंग रिक्षा थांबवली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सरकारी दवाखाना गाठला. बेडसाठी त्या पार संध्याकाळपर्यंत भांडत राहिल्या. बेड मिळाला तेव्हा उशीर झाला होता.

त्याच आठवड्यात लूमचा मालकही आजारी पडला होता. रोग तोच. त्याला वरचा अख्खा मजला होता, ऑक्सिजन घरी आला, मग गाडीनं इंदूर. तो बरा होऊन परतला. भगवानच्या लूमवर तोवर दुसरा माणूस रुळलाही होता. हे सगळं मी पत्रकात लिहिलं, रागानं लिहिलं. माझ्या आधीच्या कागदानं काय केलं, तेवढं लिहिलं नाही.

ताई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भगवानच्या दाराशी एवढंच म्हणाल्या, "आता मी काय विचारू लोकांना? तूच सांग, तू शिकलेली."

आठवड्याभरात त्यांनी स्वतःच नवं काहीतरी शोधलं. त्या पुन्हा दारोदार उभ्या राहू लागल्या, बायका पुन्हा बोलू लागल्या, दोघं-तिघं वेळेवर दवाखान्यात पोचून वाचलेसुद्धा. मी जवळ गेले की मात्र त्या पावसापाण्याचं बोलायच्या. ते बघून मी आतल्या आत जळायचे.

मागच्या वर्षी त्या काम सोडून मुलीकडे शाहपूरला निघाल्या. सगळी गल्ली रडत होती. मी त्यांची पिशवी बसपर्यंत नेली आणि शेवटी विचारलंच, "ताई, नंतर तुम्ही काय विचारायच्या लोकांना?"

त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली. "नको बेटा," म्हणाल्या, "तू छापशील."