दुसरी हाक

भरे गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये नेटवर्क स्विच, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारे डबे, तपासायला गावातलाच एक माणूस आहे. स्विच चालू झाला की त्यातला मूळ प्रोग्राम, कर्नल, आधी चिपला तिचा क्रमांक विचारतो. ती गप्प राहिली तर बाकीची कामं उरकून पुन्हा विचारतो. हा माणूस स्क्रीनवरच्या ओळींवर बोट ठेवून शेवटपर्यंत थांबतो.

मी नवा होतो. 'चिप सापडली नाही' ही ओळ दिसली की लगेच स्विच भंगारात टाकायचो. एकदा त्यानं ते सगळे उचलून आणले.

"पयल्या हाकेला ओ दिली न्हाई म्हनून मेली व्हय ती?" एवढंच बोलला. दुसऱ्या हाकेपर्यंत थांबल्यावर सगळे चालू झाले.

"हे बाद कुणी केले होते?" मालकांनी विचारलं.

"मीच. घाई झाली जरा," तो माणूस म्हणाला.

त्याला घाई करताना आम्ही कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. मालकांनीही नाही.