मागल्या चाकाची थरथर

घाटाखाली ट्रकच्या तापल्या ब्रेकचा जळका वास आला की मला बायकोच आठवते. ती जाऊन अजून वरीस झालं न्हाय.

निजामाच्या अमलात मी एका सावकाराची मोटार हाकायचो. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी थरथरायची. म्या पुढची चाकं खोलून बघितली, काहीच सापडेना. मालक म्हणाले, "तुझा पायच धसमुसळा. येत्या बाजाराच्या दिवसापस्तोर बघतो, मग दुसरा डायवर आणतो."

मालक बसल्यावाणी मागं वजन असावं म्हणून म्या बायकोला मागच्या सीटवर बसवलं आन् घाटात ब्रेक दाबला.

"अवं, तुमच्या हातातलं चाक तर गप हाय," ती म्हणाली. "हादरा माझ्या बुडाखाली बसतोय!"

मी नुसता हातब्रेक ओढला. तो मागच्याच चाकांना लागायचा. तीच थरथर! मागच्या चाकातला ब्रेकचा ड्रम काढला, तर झिजून वाकडा झालेला. सोलापुरात लेथवर कातून गोल करून आणला.

मालकाला घेऊन घाट उतरलो. गाडी अलगद थांबली.

"कोण मिस्त्री गाठलास रं?"

"माझी बायको!"

मालकांनी दुसरा डायवर आणायचा बेत सोडला. पुढं कुठलीबी गाडी हातात आली, की पयला फेरा म्या तिला मागं बसवूनच मारला.