हाराची सावली

दाराला लिंबू-मिरची टांगण्यापेक्षा ती वरणात घालावी, असं म्हणणाऱ्यांतली मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंसं होतंय. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही...

अकोल्यात बसस्टँडच्या मागे एका फ्लेक्सच्या दुकानात मी बारा वर्षं डिझाइन करते. वाढदिवस, लग्न, श्रद्धांजली. श्रद्धांजलीच्या फोटोंसाठी माझ्याकडे झेंडूचा एकच हार आहे — कधीतरी फोटो काढून ठेवलेला. अर्ध्या तालुक्याच्या गळ्यात मी तोच घातलाय. हार लावला की ड्रॉप शॅडो द्यायची, म्हणजे छातीवर हलकी सावली पडते आणि हार खरा वाटतो. डोळे मिटून करण्यासारखं काम.

दोन वर्षांपूर्वी भर दुपारी बाळापूरकडच्या वनिताबाई आल्या. सोबत त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. नवरा फुलं घेऊन अमरावतीच्या मार्केटला गेला, तो परतलाच नव्हता. चार वर्षं शोधून घरच्यांनी आशा सोडली होती. आता दिवस करून मोकळं व्हायचं होतं.

"हार लावून मोठा फोटो करून द्या," भासरे म्हणाले. वनिताबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

मी फोटो स्कॅन केला, हार लावला, शॅडो दिली. पडेना! गडद केली, दिशा बदलली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. नाही म्हणजे नाही. तोच हार दुसऱ्या फाईलमधल्या एका वारलेल्या आजोबांवर ठेवला — सावली लगेच हजर. परत या फोटोवर आणला — गायब.

वनिताबाई काउंटरवरून वाकून बघत होत्या. "सावली काहून नाई पडून राहिली जी?"

"काहीतरी एरर आहे, ताई."

"एरर नाई. त्यायले हार चालत नाई. ते जिते हायेत."

"मशीनले काय समजते?" भासरे खेकसले, पण त्यांचाही आवाज उतरला होता. बाईंनी फोटो पिशवीत टाकला आणि उठल्या. दिवस झाले नाहीत.

मग दर तीन-चार महिन्यांनी त्या यायच्या. माझ्यासाठी मेथीची जुडी, वांगी आणि तोच फोटो. "एक बार लावून पाहा ना ताई." सावली पडायची नाही. त्या हसायच्या आणि बस पकडायला पळायच्या. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं, जाणकाराला दाखवलं. त्यानं डोकं खाजवलं. मग एकदा दुकानात कोणी नसताना मी तो हार माझ्याच फोटोला लावला. सावली पडली नाही. हुश्श केलं... आणि हुश्श केलं म्हणून स्वतःचीच भीती वाटली.

गेल्या महिन्यात त्या आल्या त्या नवं लुगडं नेसून. "पोरीचं लगन जमलं, ताई. पत्रिकेत त्यायच्या नावापुढं कै. नाई लावू देलं मी. मांडवात कुंकू लावूनच उभी राहीन."

मी फोटो स्कॅन केला. हार लावला. शॅडोवर क्लिक केलं.

पडली. छातीवर, स्वच्छ, एकेका फुलाची.

मॉनिटर माझ्याकडे होता, त्यांना काही दिसत नव्हतं. "काय झालं जी?" त्यांनी विचारलं. इफेक्टसमोर डोळ्याची खूण असते, तिच्यावर क्लिक केलं की सावली दिसेनाशी होते. मी क्लिक केलं आणि मॉनिटर फिरवला.

"नाही पडत," मी म्हणाले.

त्यांनी पडद्यालाच हात जोडले. "मले मालूमच होतं."

दोन वर्षं सावली का पडली नाही, त्या दिवशी का पडली, मला आजही माहीत नाही. माझा नवरा म्हणतो, अपडेट आलं असेल. असेलही. मी रोज सकाळी ती फाईल उघडून बघते. सावली आहेच. खोटं बोलले याचा पश्चात्ताप होतो का, तेही धड सांगता येत नाही.

लग्न परवा आहे. आटोपलं की बुंदीचे लाडू घेऊन येते म्हणाल्यात. फोटोही आणतील.