घरटी एक माणूस

'खाडीत घर घेतलंत?' असं कुणी विचारलं की माझं डोकं सणकायचं. खाडीत म्हणजे? आमच्या बिल्डिंगखाली चांगला मुरमाचा भराव होता, दाराला तीन पायऱ्या होत्या. आता मागच्या खिडकीतून एक भलंमोठं तळं दिसायचं, तळ्यापलीकडे बांध आणि बांधापलीकडे खाडी, हे मी नाकारत नाही. पण खाडी तिथे, आम्ही इथे!

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही कोपरखैरण्यात राहायला आलो. सेक्टरला नंबर होता, पण रस्त्याला दिवा नव्हता. डॉक्टर हवा तर वाशी, चपलेला खिळा मारायचा तरी वाशी. पण दोन खोल्या, स्वतःचं मोरी-संडास, स्वतःची किल्ली. पहिल्या दिवशी मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत होते, आणि दर फेरीला नळ सोडून बघत होते.

घराचा हट्ट माझा. नवरा वाशीच्या घाऊक मार्केटात कारकून, सरळ माणूस, पण निर्णय म्हटला की घाबरून 'उद्या बघू' म्हणायचा. त्यात सासूबाई साताऱ्याकडच्या, काळ्या मातीत वाढलेल्या. त्यांनी बिल्डिंगमागची माती चिमटीत धरली, चोळली, टाकली आणि म्हणाल्या, "आगं, ज्या मातीत जोंधळा येत न्हाई ती माती कसली?" तळमजला घेतला तो त्यांच्या गुडघ्यांसाठी, पण त्याचंही खापर माझ्यावरच.

थोरल्या दिरांनी तर गावाकडून गिऱ्हाईकच धरून ठेवलं होतं. मार्केटात माल आणणारा कुणी व्यापारी, त्याला उतरायला जागा हवी होती. शेवटी नवऱ्याने एक दिवस जेवता जेवता तोडगा काढला. "हा पावसाळा बघू. उंबऱ्याच्या आत पाणी आलं, तर विकायचं आणि गावाकडे जायचं. नाही आलं, तर पुन्हा विषय काढायचा नाही." मी म्हटलं, मंजूर. म्हणायला काय जातं? पण त्या दिवसापासून मला ढग दिसला की धडकी भरायची.

मी शाळेत भूगोल शिकवायची. हॉलंडच्या पाठात तिथल्या एका छोट्या शहराचं चित्र होतं, ते माझं भारी लाडकं. मी ते फळ्यावर मोठं करून काढायची. आधी चिखलात चार कोळ्यांची घरं. मग समुद्र अडवायला मातीचा बांध. बांधाच्या आत कालवे, तळी. मग बाजार, मग देऊळ, मग गिरण्या, आणि बघता बघता शहर! अख्खं गाव समुद्राच्या पातळीखाली आणि लोक मात्र ऐटीत सायकली हाकतायत. "आपलं गावही असंच वाढणार, मुलांनो," मी छाती फुगवून सांगायची. घरी सासूबाईंनाही सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं त्यांना लखलाभ. माझ्या जोंधळ्याचं बोल."

आमचं मागचं तळंही हॉलंडच्याच पद्धतीचं आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. बांधात एक दार होतं, वरून टांगलेलं, जाड लाकडाचं, लोखंडी पट्ट्या मारलेलं. त्याचं काम काय, हे मी विचारलं नाही. भूगोलाची बाई ना मी! मला सगळं येत होतं.

जूनमध्ये एका उधाणाला त्या दाराच्या फटीतून खारं पाणी आत आलं. फार नाही, पण गटारातून दोन खेकडे वर आले आणि त्यातला एक तळमजल्याच्या व्हरांड्यात फिरताना सगळ्यांनी पाहिला. झालं! सोसायटीत हाहाकार. आमची सोसायटी म्हणजे निम्मी सातारा-सांगली, निम्मी मुंबईतून आलेली. खाडीकाठी जन्मलेला एक माणूस औषधाला नव्हता. मीटिंग भरली. मी सेक्रेटरी. मी उभी राहिले आणि हॉलंडचं अख्खं शहर त्यांच्यापुढे मांडलं. "समुद्र बाहेर ठेवायचा, एवढंच त्या लोकांनी केलं. आपणही ते दार पक्कं बंद करू!"

टाळ्या पडल्या हो. रविवारी श्रमदान झालं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरला, ओहोटीला बांधापलीकडे उतरून त्या गोण्या दाराच्या बाहेरून रचल्या, आणि दार दोरखंडाने खुंट्यांना आवळून टाकलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला कळवलं नाही. नंतर सगळ्यांना कांदाभजी. मी घरी आले ती किल्ला सर केल्यासारखी. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "झाक केलंस."

जुलैत दोन दिवस आणि दोन रात्री पाऊस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर रस्ता गायब. पहिली पायरी पाण्याखाली. नऊ वाजेपर्यंत दुसरी. तळं आणि रस्ता एक झाले होते. नवरा उंबऱ्यात बसून उरलेली पायरी बघत होता. सासूबाईंनी त्यांची कापडी पिशवी काढून कॉटवर ठेवली आणि तिच्यात एकेक लुगडं घडी करून घालायला लागल्या. मला रडूच आलं. रडत रडत मी गव्हाचा डबा माळ्यावर चढवला. रडायला वेळ कुणाकडे होता?

अशात दाराशी हाक आली. "बाय, हायस का घरान?"

बोनकोड्याची मावशी. आमच्या शेजारचं जुनं गाव ते. आमचे सेक्टर झाले ते त्यांच्याच शेतांवर आणि मिठागरांवर. मावशी रोज पाटी घेऊन मासे विकायला यायची. सासूबाई माळकरी, त्या तिला पायरीच्या वर येऊ द्यायच्या नाहीत. आज पाटी नव्हती. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून ती पाण्यात उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की मला आपोआप पदर सावरावासा वाटला.

"उघारी कोनी बांदली?" तिने विचारलं. त्या दाराला ते लोक उघाडी म्हणतात, ते मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "आम्हीच. समुद्र आत येतो म्हणून."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "आगो माजे आये! तुमी शिकलेली मानसं ना? उघारी भरतीला आपली आपन मिटते. ओहटीला आपली आपन उघरते, नि आतला पानी खारीन जाते. तुमी तिचा तोंडच शिवलात! आता यो पावसाचा पानी जाईल कुठं? तुमच्या चुलीन?"

समुद्राला भिऊन आम्ही पाऊस कोंडला होता. जिने उभ्या आयुष्यात एकदाही भरती-ओहोटी धड पाहिली नाही तिनेच दार लावलं होतं, आणि टाळ्या घेऊन लावलं होतं. हॉलंडच्या लोकांनी पाहिलं असतं तर सायकलवरून पडले असते हसून.

मावशी बोटांवर मोजायला लागली. "आज चौदस. तिथीला तिनानं गुनायचं, चारानं भागायचं. साडेधाला भरती. साडेचारला पार ओहटी. दोनच्या सुमाराला खारी खाली जाईल, तवा गोन्या उघर्‍या परतील. पुढची भरती आज राती. त्याआधी उघारी मोकली झाली तर घर वाचलं. नाय तर पानी खाटंवर."

मी इतकी वर्षं भरती-ओहोटी शिकवत होते, चंद्राची आकृती काढून. हा हिशेब एका पुस्तकात नव्हता. बाईने चार बोटांवर करून दाखवला.

"मावशी, आम्ही पन्नास घरांचे पुरुष घेऊन येतो," मी म्हटलं.

"पन्नास नाय पुरनार. दोरखंड फुगलाय, गोन्या चिकलान रुतल्यात. जोल बोलवायला लागल."

जोळ म्हणजे त्या गावांची जुनी रीत. बांधाला खांड पडली, पाणी शेतात घुसायला लागलं, की हाळी द्यायची, आणि घरटी एक माणूस हातात असेल ते अवजार घेऊन बांधावर. तुझं शेत लांब की जवळ, तुझं त्याच्याशी भांडण आहे की नाही, ते कुणी विचारायचं नाही. शेतं गेली तरी गावात ती सवय शिल्लक होती. मी वर्गात हॉलंडच्या त्या शहराबद्दल हेच सांगायची, की बांधाचा एकेक तुकडा एकेका घराने राखायचा. तेव्हा मात्र मला ते फार परदेशी वाटायचं.

"पन तुमच्या माडीवरची मानसं पन येतील," मावशीने अट घातली. "घरटी येक. खाली राहनारी न् वर राहनारी, सगली."

हेच अवघड होतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांना कसलं टेन्शन? त्यांच्या घरात पाणी यायचं तर अख्खी वाशी बुडायला हवी. मी जिन्यात उभी राहून ओरडले. आधी माफी मागितली, कारण मागायलाच हवी होती. "माझी चूक झाली. मी दार लावायला सांगितलं, मी शहाणी. आता ते उघडायला या. घरटी एक माणूस. नाही आलात तरी चालेल, मग गणपतीच्या आरतीला माझ्या तोंडाकडे बघू नका!"

मग एकेक दार वाजायला लागलं. बँकेतले काका बर्म्युडा घालून आले, त्यांना तशा वेशात कुणी पाहिलेलं नव्हतं. मार्केटात पोती वाहणारे दोघे भाऊ चौथ्या मजल्यावर भाड्याने राहायचे, ते चार-चार पायऱ्या उतरत आले. एक बाई पोळपाट सोडून आली, हात कणकेचे. आणि माझा निर्णयाला घाबरणारा नवरा फावडं घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायला लागला. मी त्याच्या पाठीकडे बघतच राहिले.

बांधावर गेलो तर बोनकोड्याचं गाव आधीच उभं. दीड-दोनशे माणूस. पाऊस झोडपत होता आणि एकही छत्री नाही. खाडी उतरायला लागली तशा आमच्या गोण्या एकेक करून दिसायला लागल्या. त्या बघून गावातल्या पोरी हसल्या, आणि हसाव्यात अशाच होत्या. मग गावातली माणसं कमरेएवढ्या चिखलात उतरली, पोती वाहणारे दोघे भाऊ त्यांच्या शेजारी. त्यांनी गोणी खांद्यावर घेतली की बाकी सगळे 'आरारारा' करायचे, कारण तेवढी जड गोणी दुसऱ्या कुणाला हलत नव्हती. आम्ही बाकीचे बांधावर रांग करून गोण्यांतला मुरूम हातोहात लांब टाकत होतो. माझ्या एका बाजूला बँकेतले काका, दुसऱ्या बाजूला मावशीची सून. बोलायला दम नव्हता, नुसतं घमेलं घे, घमेलं दे.

घमेलं घ्यायला वळले तर रांगेत चार माणसं पलीकडे सासूबाई. लुगड्याचा काष्टा मारलेला, डोक्यावर गोणपाट. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आमच्या घरातून तर दोन माणसं आधीच होती. मी ओरडले, "अहो आई, तुमचे गुडघे!" त्या खेकसल्या, "गुडघं ऱ्हाऊ दे. त्वा घमेलं सरकीव!" त्यांच्या पलीकडे मावशी होती. तिच्या माशांच्या वासाच्या हातातून सासूबाई बिनदिक्कत घमेलं घेत होत्या, आणि वर तिलाच शिकवत होत्या की घमेलं पोटाशी धरावं, कंबर धरत नाही. जमिनीचं काम होतं. ते त्यांना येत होतं.

शेवटचा दोरखंड कुणाच्या तरी कोयत्याने तुटला तेव्हा साडेतीन वाजले होते. क्षणभर काहीच झालं नाही. मग दार कण्हलं, खालून हातभर उचललं गेलं, आणि तळ्याचं लाल पाणी असं उसळून खाडीत धावलं की बांध पायाखाली थरथरला. गेलं! अहो, गेलं! आम्ही काय ओरडलो, काय नाचलो! बँकेतल्या काकांनी पोती वाहणाऱ्या भावांना मिठी मारली. माझा नवरा चिखलात बसकण मारून लहान मुलासारखा हसत होता. मावशी कमरेवर हात ठेवून नुसती बघत होती. मी तिच्या पाया पडायला वाकले तर म्हणाली, "उठ गो. आंगाला चिकल लागल," आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून खदखदून हसलो, कारण चिखल लागायला जागाच उरली नव्हती.

घरी आलो तेव्हा तिसऱ्या पायरीवर गाळाची ओली रेघ होती. उंबरा तिच्या चार बोटं वर, कोरडा. मी त्या उंबऱ्यावरून हात फिरवला. रात्रीची भरती आली, उघाडी आपली आपण मिटली, आणि पहाटे आपली आपण उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे दिरांचा फोन आला. पेपरात पावसाची बातमी वाचली होती त्यांनी. नवरा जिना चढायला निघाला, तर सासूबाई त्याला बाजूला सारून दर पायरीला गुडघ्यावर हात टेकत वर गेल्या. मी मागोमाग. दीर मोठ्याने बोलणारे, त्यांचा शब्द न् शब्द बाहेर ऐकू येत होता. त्यांनी विचारलं, पाणी आलं का? गिऱ्हाईक समोरच बसलंय, त्याला काय सांगू?

सासूबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आलं व्हतं पाणी," त्या म्हणाल्या. "आमी माघारी लावलं."

आणि फोन ठेवून दिला.