गप्प झालेल्या मुलांच्या मालतीबाई

मालतीबाईंची पहिली भेट कळंबच्या शाळेत झाली. नव्वदीचे दशक नुकतेच लागले होते. मी तिथे मराठी शिकवत असे. बारामतीच्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या आणि मुलांच्या मनाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या बाई एसटीने आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, पूर्वी खूप बोलणारं आणि आता गप्प झालेलं तुमच्या वर्गात कोण आहे?" पाहुणे एरवी हुशार मुलांची चौकशी करीत. मी चमकलो, पण नाव लगेच ओठांवर आले. दहावीतली सगुणा.

कबड्डीत तालुकाभर गाजलेली ही मुलगी मैदानावर येईनाशी झाली होती. जेवण टाकायची, भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची. बाई तिच्या घरी गेल्या. पूर्वी मेंढरे राखणारे, आता शेतीत रमलेले कुटुंब. तिचे वडील तात्या अदबीने, पण ठामपणे बोलले.

"बाई, लगीन झालं की सुधारंल. दवाखान्यात नेली तर येडी म्हणून नाव पडंल. मग कोण करंल तिला?"

"तात्या, ताप आला म्हणून कुणी लग्न लावतं का? हाही आजारच आहे. आत्ता उपचार झाले तर पोर उभी राहील."

"इचार करतो," तात्या म्हणाले. बाई पुन्हा पुन्हा जात राहिल्या. उन्हाळ्यात लग्न झालेच.

दिवाळीपूर्वी सगुणा माहेरी परतली, तेव्हा तिला आईही धड ओळखू येत नव्हती. तात्याच तिला बारामतीच्या दवाखान्यात घेऊन आले. औषधांनी ती जेवू-झोपू लागली. पहिली सगुणा मात्र परतली नाही.

"आदी आणली आस्ती तर?" तात्यांनी विचारले.

बाई त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या. "बरंच वाचलं असतं, तात्या. पण तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. सांगणं आमचं काम होतं. आम्हीच उशिरा पोचलो."

त्यानंतर बाईंचे संशोधन महाविद्यालयाच्या खोलीत राहिले नाही. झोप उडणे, मित्र तुटणे, अभ्यासातून मन जाणे ही सुरुवातीची लक्षणे त्या गावोगावच्या शिक्षकांना समजावू लागल्या. दर गुरुवारी वरकुटे गावच्या शाळेत मुलांना भेटू लागल्या. पालक बिचकले की तात्या पुढे होत. "माझ्या पोरीचं बघा. तुमी थांबू नगा." त्या शब्दांवर एका बापाने आपला मुलगा वेळीच आणला. तो आज इंदापुरात मोटारी दुरुस्त करतो, घर चालवतो.

बाई अजूनही सगुणाकडे जातात, तिची वेणी घालतात. ती कधी हसते, कधी नाही.

या कामासाठी कायमचा माणूस नेमावा म्हणून बाईंनी अनेक दारे ठोठावली. साऱ्यांनी कौतुक केले. माणूस कुणी दिला नाही. आता बाई साठीच्या झाल्या, गुडघे एसटीची पायरी सहज चढू देत नाहीत. सत्काराचे विचारायला आम्ही काही शिक्षक गेलो, तर त्या म्हणाल्या, "शाल राहू द्या. वरकुट्याला कोण जाणार, तेवढं सांगा."

बाईंना निरामय दीर्घायुष्य लाभो, हे तर आमचे मागणे आहेच. पण गुरुवारी सकाळी त्यांना अंगणात निवांत चहा घेता यावा आणि त्यांच्या वाटेने निघालेले कुणी दारावरून जाताना त्यांना दिसावे, एवढे पाहण्यासाठी तरी त्यांनी खूप जगावे.